लशीनंतरचा ताप आधी सांगावा

दीड महिन्याच्या बाळाला पाच आजारांविरुद्धच्या पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस मिळतो, त्या दिवशी अंगणवाडीत फारसे काही घडत नाही. घडते ते रात्री. बाळाचे अंग तापते, ज्या मांडीत सुई दिली ती सुजते, बाळ किरकिर करते, दूध नीट ओढत नाही, आणि दिवसभर कामावर असलेला बाप घरी येऊन विचारतो, "चांगल्या पोराला नेऊन आजारी कशाला करून आणलं?" या प्रश्नाचे उत्तर त्या आईला लसीकरण सत्रावर कोणी दिलेले नसेल, तर अडीच महिन्यांचा दुसरा डोस बहुधा तिथेच चुकतो. पुढे यादीत नाव पाहून आशाताई दारात येते, तेव्हा तिला मात्र वेगळेच कारण ऐकू येते: या लशीने मुलांना पुढे मूलबाळ होत नाही, मोबाइलवर व्हिडिओ आलाय, आमच्या जावेच्या माहेरी तर एक पोर दगावलं. गैरसमज दूर करण्याच्या कामात असलेली बहुतेक माणसे या दुसऱ्या उत्तराचे खंडन करायला धावतात. आशा आणि आरोग्य सेविकांच्या प्रशिक्षणात काही वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, उत्तर बापाच्या पहिल्या प्रश्नाला द्यायला हवे, आणि तेही त्याने तो विचारण्याच्या आधी.

हे काही नवे तत्त्वज्ञान नव्हे. प्रत्येक सत्रावर आईला चार गोष्टी सांगायच्या, असे आरोग्य सेविकेच्या प्रशिक्षणातच असते: आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारापासून वाचवते, तिच्यानंतर कोणता किरकोळ त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून येताना बरोबर आणायचे. त्यानंतर बाळाला घेऊन अर्धा तास तिथेच बसायचे. प्रत्यक्षात पहिली, तिसरी आणि चौथी गोष्ट घाईघाईने का होईना सांगितली जाते आणि दुसरी गिळली जाते. गर्दी हे त्याचे एक कारण आहे. पण खरे कारण भीती आहे. ताप येईल असे सांगितले तर रांगेतल्या निम्म्या बाया उठून जातील, असे सिस्टरना वाटते. अनुभव उलटा आहे. ज्या आईला "आज रात्री ताप येऊ शकतो, एक-दोन दिवस राहील, अंगावरचे दूध चालू ठेवा, हे औषध वजनाप्रमाणे इतके द्या, मांडीला तेल-हळद लावून चोळू नका, आणि ताप फार वाढला, झटका आला किंवा बाळ निपचित पडले तर थेट दवाखान्यात या" असे कोणी शांतपणे सांगितलेले असते, तिच्या घरी रात्री ताप येतो तेव्हा तिचे बोलणे खरे ठरते. बापाला ती सांगू शकते की हे होणार होते. सासूसमोर तिची मान खाली जात नाही, आणि लसीकरणातील अनेक नकारांच्या मागे हेच मान खाली जाणे असते, असे मला दिसत आले आहे.

ताप का येतो, हेही सांगता आले पाहिजे. पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, काविळ ब आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या पाच गोष्टींविरुद्धचे घटक असतात. त्यांतील डांग्या खोकल्याचा घटक मारलेल्या संपूर्ण जिवाणूपासून तयार केलेला असतो आणि तापाचा, सुजेचा मोठा वाटा त्याचा असतो. खासगी दवाखान्यात 'न दुखणारी' म्हणून जी महाग लस मिळते, तिच्यात त्या जिवाणूचे काही निवडक तुकडेच असतात, त्यामुळे ताप कमी येतो. इथे शहरी वस्तीत हमखास येणारा युक्तिवाद उभा राहतो: पैसेवाल्यांच्या लशीने ताप येत नाही आणि फुकटच्या लशीने येतो, म्हणजे फुकटची लस खराब. या युक्तिवादाला अडाणीपणा म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे, कारण त्यातील निरीक्षण पूर्णपणे बरोबर आहे. चुकतो तो निष्कर्ष. संपूर्ण पेशीच्या लशीने मिळणारे संरक्षण अधिक काळ टिकते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि म्हणून सरकारी कार्यक्रमात ती टिकून आहे. हे समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे खर्चिली तर समोरची बाई तेच स्पष्टीकरण नळावर आणखी चौघींना देते. "ताई, सरकारी लस पण चांगलीच असते" एवढ्या वाक्याने मात्र कोणाचेच समाधान होत नाही.

बीसीजीची गोष्ट याहून बोलकी आहे. जन्मल्यावर डाव्या दंडात दिलेल्या या क्षयरोगाविरुद्धच्या लशीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, ती फुटते, थोडा पू येतो, आणि सुकल्यावर व्रण राहतो. हे अपेक्षितच असते. पण बाळ सव्वा-दीड महिन्याचे असताना दंडावर पू दिसला आणि आधी कोणी काही बोलले नसेल, तर ते घर 'सुई पिकली' असा निष्कर्ष काढते, गल्लीतल्या कोणा डॉक्टरकडे मलमपट्टी करून घेते, आणि योगायोगाने नेमकी तीच पेंटाव्हॅलंटच्या पहिल्या डोसाची वेळ असते. गोवर-रुबेलाच्या लशीबाबत उलट अडचण आहे. तिच्यामुळे येणारा सौम्य ताप किंवा क्वचित अंगावर उठणारे पुरळ त्याच दिवशी येत नाही, आठवडा-दीड आठवड्याने येते. तोवर सत्र विसरलेले असते, आणि मग "लशीनेच गोवर झाला" अशी बातमी वस्तीत फिरते. तीही निव्वळ खोटी म्हणून उडवून लावता येत नाही, कारण त्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतोच. सांगायचे असते ते एवढेच की, हे पुरळ निघून जाते, आणि खरा गोवर फुप्फुसांपर्यंत, मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

आता त्या फलकांविषयी. "अफवांवर विश्वास ठेवू नका" असे लिहिलेले फ्लेक्स प्रत्येक मोहिमेत लागतात, आणि मला ते पैशाचा अपव्यय वाटतात. ज्याने अफवा ऐकलेली नाही, त्याला ते अफवा आहे एवढे कळवतात. ज्याने ऐकली आहे, त्याला ते मूर्ख ठरवतात. आणि ज्याला प्रश्न आहे, त्याला तो कोणाला विचारावा हे सांगत नाहीत.

नकाराच्या मागे काय असते याचा सर्वांत मोठा धडा या देशाने उत्तर प्रदेशात घेतला. २००२ साली भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातले. पोलिओच्या डोसाने मुले पुढे वंध्य होतात, हा मुस्लिम लोकसंख्या वाढू न देण्याचा डाव आहे, अशी समजूत पश्चिम उत्तर प्रदेशातील अनेक वस्त्यांत पसरली होती. बाहेरून पाहणाऱ्याला हा निखळ धार्मिक अविश्वास वाटे. घरोघरी बसून बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना मात्र दुसराच प्रश्न ऐकू येई: आमच्याकडे गटार नाही, पिण्याचे पाणी नाही, पोर हगवणीने मरते तेव्हा कोणी येत नाही, मग या दोन थेंबांसाठीच सरकार दर महिन्या-दोन महिन्यांनी दारात का उभे राहते? आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण ज्या समाजात जिवंत होती, त्याने या प्रश्नातून वंध्यत्वाच्या उत्तरापर्यंत पोहोचावे, यात तर्काचा फार मोठा अभाव मला दिसत नाही.

तिथे जे काम उभे राहिले, त्याचे मर्म माणसांच्या निवडीत होते. युनिसेफच्या सोशल मोबिलायझेशन नेटवर्कने आणि इतर संस्थांनी त्या त्या मोहल्ल्यातीलच हजारो कार्यकर्ते उभे केले, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामिया यांसारख्या संस्थांची साथ घेतली गेली. इमामांनी मशिदींतून आवाहने केली. पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या सर्वाधिक जोखमीच्या १०७ तालुक्यांसाठी जी योजना आखली गेली, तिच्यात डोसाबरोबर हात धुणे, स्वच्छता, स्तनपान आणि हगवणीवरचे ओआरएस व झिंक हेही आले. म्हणजे लोकांनी जो प्रश्न विचारला होता, त्यालाच उशिरा का होईना उत्तर मिळाले. २००९ मध्ये ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात सापडलेली दोन वर्षांची मुलगी हा शेवटचा रुग्ण. हे सारे श्रेय बोलण्याला देणे बरोबर होणार नाही, कारण २०१० मध्ये आलेल्या द्विगुणी (पोलिओच्या दोन प्रकारच्या विषाणूंविरुद्धच्या) लशीचाही त्यात मोठा वाटा होता. पण लस कितीही चांगली असली तरी दार उघडल्याशिवाय ती तोंडात जात नाही, आणि दार उघडण्याचे काम त्या कार्यकर्त्यांनी केले.

आपल्याकडे हा धडा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गिरवून झालेला आहे. मुंबईत प्लेग पसरला असताना वॉल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत आपली नवी लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, आणि त्यांना ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. आपण ती सोसली, हे लोकांना सांगता येणे ही त्यांच्या लशीची पहिली जमेची बाजू होती. त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या, इस्माइली पंथाचे प्रमुख तिसऱ्या आगाखानांनी जाहीरपणे आणि एकाहून अधिक वेळा लस टोचून घेतली, म्हणजे अनुयायांच्या मनातील भीती जावी. आपली खुश्रू लॉज ही वास्तूही त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजीर घराघरांत शिरत होते, रुग्ण शोधण्यासाठी माणसांना उघड्यावर तपासत होते, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा शेवट कसा झाला हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. रोग एकच, सरकार एकच, वर्षही एकच. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात हे दोन प्रसंग शेजारी शेजारी शिकवायला हवेत, असे मला नेहमी वाटते.

हाफकिन यांच्याच लशीने पुढे विश्वास कसा जातो हेही दाखवले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष प्रयोगशाळेचा की गावात बाटली उघडतानाच्या निष्काळजीपणाचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला, हाफकिन यांना पद गमवावे लागले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पाच वर्षांनी आलेले ते सत्य मुल्कोवालच्या घरांपर्यंत कोणी पोहोचवले असेल, असे मला वाटत नाही.

हीच गोष्ट मला आजच्या व्यवस्थेत सर्वाधिक खुपते. ३१ जानेवारी २०२१ च्या पल्स पोलिओ दिवशी यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, बातम्या आल्या. अशी चूक घडते तेव्हा ती अफवा नसते, ती घटना असते, आणि तिच्याबद्दल शेजारच्या तालुक्यातील आईने विचारले तर "असं काही नसतं" हे उत्तर खोटे ठरते. "तसे झाले होते, अशा चुकीमुळे झाले होते, आणि इथे ती होऊ नये म्हणून बाटली तुम्हाला दाखवूनच डोस पाजते" हे उत्तर खरे आहे. लशीच्या कुपीवर तापमानाची खूण असते, आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरण्याजोगी असते. ही खूण आयांना दाखवण्याची सवय ज्या सेविकांनी लावून घेतली, त्यांच्या सत्रावर मी बायांना स्वतःहून कुपी मागून पाहताना पाहिले आहे.

लसीकरणानंतर बाळाचा मृत्यू झाला तर त्याची चौकशी होते, त्यासाठी जिल्हास्तरावर समिती असते, कागदपत्रे वर जातात. आपल्या देशात एक वर्षाच्या आतली मुले रोज कुठे ना कुठे न्यूमोनियाने, जन्मजात दोषाने, अचानक झोपेत दगावतात, आणि या वयात वारंवार लस असल्यामुळे त्यांतील काही मृत्यू लशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणे अपरिहार्य आहे. समिती बहुतेक वेळा तसाच निष्कर्ष काढते. पण तो निष्कर्ष फायलीत राहतो. ज्या वस्तीत बाळ गेले, तिथे परत येऊन, त्या आईबापांसमोर आणि शेजाऱ्यांसमोर बसून, काय सापडले हे सांगणारा अधिकारी मला क्वचितच भेटला. मग ती रिकामी जागा जावेच्या माहेरची गोष्ट भरून काढते, आणि पुढची कित्येक वर्षे ती त्या परिसरातल्या प्रत्येक सत्रावर हजेरी लावते.

शाळांमधून राबवलेल्या मोहिमांचे गणित थोडे निराळे असते. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. सुई पाहून, उपाशीपोटी, उन्हात रांगेत उभी असलेली एखादी मुलगी भोवळ येऊन पडते, तिला पाहून आणखी दोघी पडतात, कोणी तरी चित्रण करते, आणि दुपारपर्यंत ते तीन जिल्ह्यांत पोहोचते. हा भीतीचा परिणाम असतो, औषधाचा नव्हे. पण चित्रणात तो फरक दिसत नाही. उपाय साधे आहेत: मुलांना खाऊन यायला सांगणे, बसवून लस देणे, रांगेतल्यांना सुई दिसणार नाही असा आडोसा करणे. पालकांशी आधी बोलणे हा त्यांतला सर्वांत मोठा उपाय. दिल्लीत जानेवारी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीच्या मुद्द्यावर शाळांतील मोहिमेला स्थगिती दिली, तेव्हा आरोग्य क्षेत्रातील माझ्या अनेक परिचितांनी चरफड केली. मला त्यात वावगे काही वाटले नाही. मुलाच्या दंडात सुई टोचण्याआधी आईबापाला विचारणे हा वेळेचा अपव्यय वाटू लागला, तर नंतर त्यांच्याकडून विश्वासाची अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

सुशिक्षित घरांतल्या शंकांना मी इथे थोडकीच जागा देतो, कारण त्यांच्याकडे वाचायला वेळ आणि विचारायला बालरोगतज्ज्ञ असतो. गोवराच्या लशीने स्वमग्नता येते ही समजूत पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत अजून भेटते. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या अँड्र्यू वेकफील्ड यांच्या ज्या लेखातून ती पसरली, तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, गोवंडीच्या एम-पूर्व विभागात त्याची सुरुवात झाली, मग भिवंडी आणि मालेगावही त्यात आले, बालकांचे मृत्यू झाले. उद्रेकाच्या भागांत महापालिकेला नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला, आणि काही ठिकाणी सहा ते नऊ महिन्यांच्या तान्ह्यांनाही. वृत्तवाहिन्यांनी दोन दिवसांत ठरवून टाकले की हा अफवांचा परिणाम. अफवा होत्याच. पण गोवंडीच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या कोणालाही दिसेल की, टाळेबंदीत गावी गेलेली कुटुंबे डोस चुकवून परतली होती, काहींची कार्डे हरवली होती, सत्राच्या वेळी आई जरीकामावर किंवा कचरा वेचायला गेलेली असे, आणि भाड्याची खोली बदलली की नाव एका सेविकेच्या यादीतून गळे आणि दुसरीच्या यादीत चढत नसे. अशा घरी जाऊन "लस सुरक्षित आहे" हे पटवून देणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे होय. गोवर इतका संसर्गजन्य आहे की, तो रोखायला शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. त्यामुळे नकार देणाऱ्या मूठभर घरांइतकीच ही न पोहोचलेली घरेही महत्त्वाची ठरतात. आरोग्य शिक्षणाच्या नावाखाली व्यवस्थेची त्रुटी लोकांच्या अज्ञानावर ढकलण्याचा मोह फार मोठा असतो, आणि तो आवरला पाहिजे.

बोलायचे कोणी, हा प्रश्न शेवटी उरतोच. कोविडच्या लसीकरणात मुस्लिमबहुल भागांतला प्रतिसाद कमी दिसला, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सलमान खानची मदत घेण्याचे जाहीर केले होते. अभिनेत्याच्या आवाहनाने काही लोक आले असतील, त्यांना नको म्हणण्याचे कारण नाही. पण अभिनेता रात्री दोन वाजता तापलेल्या बाळाच्या आईचा फोन उचलत नाही. तो फोन आशाताई उचलते, आणि तिच्या मोबदल्याची रचना पाहिली तर हे बोलणे कुठेच मोजलेले नाही. बाळाचे पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाले की तिला १०० रुपये मिळतात, दुसऱ्या वर्षाचे पूर्ण झाले की ७५. ज्या घराने चार वेळा दार लावून घेतले आणि पाचव्यांदा आत बोलावून शंका विचारल्या, पण डोस तरीही घेतला नाही, त्या घराचा तिला या हिशेबात एक पैसाही मिळत नाही. साहजिकच ती तयार घरांकडे आधी वळते. नकार देणाऱ्या घरांच्या भेटींचा वेगळा मोबदला, आणि तिच्या नोंदवहीत नकाराचे कारण त्या घरच्या शब्दांत लिहिण्याची जागा, या दोन गोष्टींसाठी फार मोठी तरतूद लागणार नाही. नोंदवहीत आज त्या ठिकाणी बहुधा फक्त 'नकार' एवढेच लिहिलेले असते, आणि वरच्या बैठकीत त्याचे 'गैरसमज' होते.